सांगून ठेवलेलं

कोरपना भागात आणखी कशाचा तुटवडा असेल तो असो, सल्ल्याचा कधीच नव्हता. पऱ्हाटीवर कोणतं औषध मारायचं, पोरगी कुठं द्यायची, पोराला आयटीआयला टाकायचं की डीएडला, यावर पानठेल्यावरचा कोणीही माणूस अर्धा तास बोलू शकतो. शाळेत हेडमास्तर सांगायचे, लग्नाच्या मांडवात पाहुणे सांगायचे, आणि निवडणुकीच्या दिवसांत तर मुद्दाम सांगायलाच माणसं यायची. त्यातलं बहुतेक आज आठवत नाही. आठवतं ते वेगळ्याच लोकांचं. ज्यांना कोणी विचारलं नव्हतं, ज्यांना सांगायचा अधिकार आहे असं कोणी मानत नव्हतं, आणि जे एक वाक्य बोलून पुन्हा आपल्या कामाला लागले, त्यांचं.

हे माझ्या एकट्याचं नाही. तुम्हीही जरा आठवून पाहा. शहाणपणाचं जे वाक्य आयुष्यभर पुरलं, ते कोणाचं होतं? बहुतेकांच्या बाबतीत ते व्यासपीठावरून आलेलं नसतं. ते वेचणी करणाऱ्या बाईकडून आलेलं असतं, बंडी हाकणाऱ्याकडून, नाही तर दवाखान्याच्या व्हरांड्यात शेजारी बसलेल्या अनोळखी म्हाताऱ्याकडून. असं का होतं, आणि अशा सांगण्याचं आपण काही देणं लागतो का, हे दोन प्रश्न मला नोकरीतून मोकळा झाल्यापासून सुटत नाहीत.

आधी आमच्या मुलखाविषयी थोडं सांगतो. आमचा भाग पूर्वी राजुरा तालुक्यात होता, आणि राजुरा निजामाच्या हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात. 1956 साली तो नांदेडला जोडला गेला आणि 1959 साली चांद्याला आला. पुढे राजुऱ्यातून फुटून कोरपना तालुका झाला. एका बाजूला पैनगंगा, दुसऱ्या बाजूला माणिकगडचा पहाड, पलीकडे तेलंगण. म्हणून इथं बाजारात मराठी चालते, सोयरिकीत तेलुगू निघते, पहाडावरच्या गुड्यांत गोंडी आणि कोलामी, आणि जुन्या कागदांत उर्दू. कोणती भाषा शहाणी आणि कोणती अडाणी हे ठरवायला इथं कोणाला सवड मिळाली नाही. पण माणसांच्या बाबतीत मात्र ते ठरलेलं होतं. मालक बोलायचा, गडी ऐकायचा.

आमचं बारा एकर वावर होतं, आणि घरी एक सालगडी होते. माणिकगडच्या पहाडावरच्या गुड्यातून उतरून आलेले. आम्ही पोरं त्यांना बुढाबा म्हणायचो. पाडव्याला साल ठरायचं आणि पुढच्या पाडव्याला फिटायचं. मी दहा-अकरा वर्षांचा असताना बाबांनी बैलजोडी घ्यायची म्हणून आम्हाला बैलबाजारात नेलं. व्यापारी बैलाचं तोंड उघडून दात दाखवत होता, शिंगांना तेल लावलेलं होतं, गळ्यात नवी घुंगरमाळ. बुढाबांनी दात पाहिलेच नाहीत. त्यांनी बैलाच्या मानेमागून हात फिरवला, जू बसतं तिथली कातडी बोटांनी दाबून पाहिली, आणि मान हलवली. मी विचारलं, काहून? ते म्हणाले, "बापू, दात वय सांगते. खांदा काम सांगते. आपल्याले वय घ्याचं आहे का काम?"

एवढंच. परत येताना त्यावर एक अक्षर ते बोलले नाहीत. पण पुढे कोणी काही सांगायला लागलं की माझी नजर आपोआप त्याच्या खांद्याकडे जायची. दारू सोडा म्हणून सांगणारा कधी तिच्यात बुडाला होता का, किंवा तिनं पोळलेल्या घरात वाढला होता का? कर्ज काढा म्हणणाऱ्यानं कधी सावकाराची ओसरी झिजवली होती का? ज्याच्यावर जू बसलं, त्याच्या सांगण्याला घट्टा पडलेला असतो. तो हाताला लागतो. हेडमास्तरांचं सांगणं खोटं नव्हतं. पण त्याचे दात फार छान होते.

लोकांना शिकवणारी मोठी माणसं हे ओळखून होती. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे, कीर्तन मग रात्री. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि तोच माणूस लोकांना सांगायचा की ताटवाटी मोडा, हातावर भाकर घेऊन खा, पण लेकरांना शाळेत घाला. न शिकलेल्याच्या तोंडून शिक्षणाचं महत्त्व ऐकणं यात विसंगती नव्हती. जोर होता तो तिथंच. शाळा नसली तर काय होतं, हे त्यांच्या खांद्याला ठाऊक होतं.

आता 'अनपेक्षित' या शब्दाकडे या. सालगडी शहाणं बोलला म्हणजे आपण म्हणतो, कोणाकडून काय ऐकायला मिळेल सांगता येत नाही. महाभारताच्या वनपर्वात याची एक जुनी गोष्ट आहे. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण. झाडावरच्या बगळीची विष्ठा अंगावर पडली म्हणून त्यानं रागानं वर पाहिलं, आणि बगळी मरून पडली. नंतर भिक्षेला गेला तर घरची बाई नवऱ्याला वाढण्यात गुंतलेली. हा तिच्यावरही तापला. ती म्हणाली, मी काही बगळी नाही. आणि धर्म समजून घ्यायचा असेल तर मिथिलेला जा म्हणून सांगितलं. मिथिलेला गेल्यावर जो गुरू भेटला तो बाजारात मांस विकत बसलेला व्याध. सुशिक्षित लोकही ही गोष्ट मोठ्या कौतुकानं सांगतात: बघा, खाटकालाही धर्म कळतो! माझ्या मते गोष्टीतली खोच तिथंच आहे, आणि ती त्या कौतुक करणाऱ्यांना टोचायला हवी. व्याधाला आपल्या शहाणपणाचं आश्चर्य वाटत नव्हतं. त्या बाईलाही नाही. चकित झाला तो फक्त कौशिक. 'अनपेक्षित' हा शब्द सांगणाऱ्याविषयी काहीच सांगत नाही. ऐकणाऱ्यानं कोणाकडून अपेक्षाच ठेवली नव्हती, एवढंच तो सांगतो.

हे मला नोकरीत चांगलं समजलं. मी भूमापक झालो. गावनकाशा, साखळी, प्लेन टेबल, आणि मागून छत्री धरून चालणारा शिपाई. 33 फुटी साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, 40 गुंठ्यांचा एक एकर, हे पाठ होतं. पण आमच्या भागात माती काळी. उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते, आणि हद्दीचा दगड दर वर्षी थोडा कलतो, थोडा खचतो, शेवटी दिसेनासा होतो. काळी माती दगड गिळते. नकाशावर तो असतो, वावरात नसतो.

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात असा एक दगड सापडेना. दोन्हीकडचे कास्तकार आपापल्या सोयीची जागा दाखवत होते, आवाज चढत होते. माझ्यासोबतचा साखळी ओढणारा माणूस वयानं मोठा, चौथी शिकलेला. तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "साहेब, या दोघायले नोका विचारू जी. धुऱ्यावरचं गवत कोण कापते, ते विचारा." गवत कापणारी एक म्हातारी होती. तिला बोलावलं. तिनं इकडेतिकडे पाहिलंही नाही. सरळ एका बोरीच्या झुडपापाशी गेली आणि म्हणाली, इथं माझा विळा बोथट होते. हातभर खोदलं तर दगड लागला. नंतर नकाशावर ताडून पाहिलं, बरोबर होता.

ज्याला वावर मिळवायचं असतं त्याला हद्द तिथं दिसते जिथं त्याला ती हवी असते. बाईला ना हे वावर मिळणार होतं, ना ते. तिचा फक्त विळा बोथट होत होता. खांद्याच्या जोडीला मला ही दुसरी पारख मिळाली: सांगणाऱ्याला त्यात मिळायचं काय आहे? ज्याला काहीच मिळायचं नाही आणि तरी ज्याचं अंग त्या गोष्टीला रोज घासतं, त्याचं सांगणं सहसा पक्कं असतं. पस्तीस वर्षांत मी हीच रीत वापरली. आता उपग्रहावरून मोजणारं रोव्हर यंत्र आलं आहे, सेंटिमीटरपर्यंत सांगतं. चांगलं आहे. पण तंटा मिटवायला अजून ती बाई लागते.

शेजारच्या गडचिरोलीत याच गोष्टीचा मोठा दाखला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली तिथं 'सर्च'चं काम सुरू केलं. परदेशात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन आलेली ही माणसं. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. त्यांनी लोकांनाच विचारलं. लोकांनी सांगितलं की दवाखान्याच्या मोठ्या इमारतीत आम्हाला भीती वाटते, तिथले लोक पांढरे कपडे घालतात आणि आमच्यात पांढरं कापड मेलेल्याला गुंडाळतात, आजाऱ्याजवळ नातेवाइकांना राहू देत नाहीत, आणि तिथं आमचा देव नाही. मग शोधग्रामचा दवाखाना गावासारखा, झोपड्यांचा बांधला गेला, नातेवाइकांना राहायला जागा झाली, आणि त्याला दंतेश्वरी मातेचं नाव मिळालं. रोग्यानं डॉक्टरला सल्ला दिला, आणि डॉक्टरनं तो भिंती उभारून पाळला. पुढे त्यांनी गावच्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, बालमृत्यू खाली आले, आणि 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. ऐकण्यातून काय उभं राहू शकतं हे ज्यांना पाहायचं असेल त्यांनी गडचिरोलीला जाऊन यावं.

इथवर सगळं सोपं वाटतं. गरिबाचं ऐका, खांदा पाहा, झालं. पण तसं नाही. दोन खांदे दोन उलट गोष्टी सांगतात तेव्हा काय करायचं?

आमच्या तालुक्याच्या पोटात चुनखडी आहे. 1980 च्या दशकापासून आवारपूर, गडचांदूर या बाजूला सिमेंटचे कारखाने उभे राहत गेले. पऱ्हाटीच्या वावरात चिमण्या दिसू लागल्या. जमिनी विकल्या जाऊ लागल्या, आणि घराघरांत एकच वाद: वावर ठेवायचं की नोकरी-पैसा घ्यायचा? बाबा तोवर गेले होते. निर्णय मायचा होता. शिकलेले सगळे सांगत होते, विकून टाका. त्याच दिवसांत आमच्याकडे कापूस वेचायला येणारी एक बुढी ओटी सोडता सोडता मायला म्हणाली, "बाई, पैसा मोजून येते अन् मोजूनच सरते. वावर कधी मोजून देते का?" तिच्या बापाचं वावर सावकाराकडे गेलं होतं, आणि ती आयुष्यभर दुसऱ्याच्या पऱ्हाटीत वाकली. खांदा पक्का होता.

पण चार घरं सोडून एक कास्तकार होता. त्याचं सात एकर बरड, चार मुली. तोही मायला म्हणाला, "वहिनी, म्या इकलं. चांगलं केलं. बरडात पोरी गाडल्या असत्या म्या." त्याच्याही खांद्याला घट्टा होता, तीस वर्षांच्या बरड शेतीचा. दोघांना आमच्या निर्णयातून काही मिळायचं नव्हतं. दोघं खरंच बोलत होते.

मायनं विहिरीजवळचं सात एकर ठेवलं आणि दगडाळ पाच विकलं. हे शहाणपण होतं की भीती, मला सांगता येणार नाही. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली पऱ्हाटी खाल्ली, तेव्हा ठेवलेल्या सात एकरानं आम्हाला रडवलं. आणि ज्यांनी सगळं विकून घरं बांधली, मोटारसायकली घेतल्या, त्यांतल्या कित्येकांची पोरं आज ठेकेदाराकडे रोजीनं जातात. ज्यांनी त्याच पैशात पोरी नर्सिंगला घातल्या, त्यांचं बरं झालं. म्हणजे बुढी खोटी पडली नाही आणि तो कास्तकारही खोटा पडला नाही.

यातून मला एक समजलं. खांदा फक्त आपल्या जुवाचं सांगतो. कुठं लागलं, कसं लागलं, ते तो खरं सांगतो. तुमच्या खांद्याला काय झेपेल हे तो सांगू शकत नाही. म्हणून अशा माणसाचं सांगणं आज्ञेसारखं घेऊ नये. ते खुणेच्या दगडासारखं घ्यावं. दगड कुठं आहे ते कळलं की रस्ता कुठून काढायचा ते आपलं आपण ठरवायचं असतं. बुढीनं मायला 'विकू नको' असं म्हटलंच नव्हतं. कोणती गोष्ट मोजता येते आणि कोणती येत नाही, एवढं तिनं दाखवलं.

आता दुसरा प्रश्न, देण्याचा. पैनगंगेच्या वरच्या अंगाला माहूर आहे, दत्ताचं ठाणं. आमच्या भागातले लोक दर्शनाला जातात. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताचे चोवीस गुरू आहेत, आणि परंपरेनं तो अवधूत म्हणजे दत्त. एकनाथांनी याच स्कंधावर मराठीत टीका लिहून 1573 साली काशीत पुरी केली. त्या चोवीस जणांत पृथ्वी आहे, अजगर आहे, मध गोळा करणारा आहे, बाण घडवणारा लोहार आहे. एकानंही अवधूताला सल्ला दिलेला नाही. सगळे आपापलं काम करत होते.

त्यांतली एक मुलगी माझ्या मनातून जात नाही. तिला पाहायला पाहुणे आले होते, घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ती त्यांच्यासाठी भात कांडायला बसली. कांडताना बांगड्या वाजायला लागल्या. घरात तांदूळही तयार नाहीत हे पाहुण्यांना कळेल, या लाजेनं तिनं एकेक बांगडी उतरवली, हातात एकच ठेवली. आवाज थांबला. अवधूतानं यातून धडा घेतला की पुष्कळ जण एकत्र आले की कलह होतो, दोघं असले तरी बोलणं होतं, म्हणून एकट्यानं राहावं. धडा चांगला आहे. पण ती मुलगी एकांताचा विचार करत नव्हती. ती गरिबी झाकत होती. अवधूताला वैराग्य मिळालं. मुलीला काय मिळालं? तिचं लग्न जमलं का? भागवतात पुढं तिचं नाव निघत नाही.

अनपेक्षित माणसाकडून मिळालेल्या शहाणपणाचं बहुधा असंच होतं. आपण त्याचं वाक्य घेऊन निघून जातो आणि लोकांना मोठ्या कौतुकानं सांगतो. तो माणूस कांडतच राहतो.

बुढाबा मला रोज सांगायचे, "बापू, शाळा सोडू नोको. माह्यासारखा होऊ नोको." हे सांगणं सगळ्यात अवघड. यात माणूस आपलं स्वतःचं आयुष्य उचलून दुसऱ्याच्या पोरापुढं 'हे नको' म्हणून ठेवतो. आणि हे ते मालकाच्या पोराला सांगत होते, त्याच वेळी त्यांची स्वतःची पोरगी आमच्या बकऱ्या राखत होती. गावात हे कोणाला खटकत नव्हतं. मायला खटकलं. त्या पाडव्याला साल ठरलं तेव्हा ज्वारी, धोतरजोडी, जोडा आणि रोख असं नेहमीचं बोलून झालं, आणि माय आतून म्हणाली, "अन् पोरीची पाटी-पुस्तकं. बकऱ्या आमचं आम्ही पाहू." बाबा काही बोलले नाहीत. पोरगी सातवीपर्यंत शिकली. पुढे ती अंगणवाडीत लागली. मायनं हे दान म्हणून केलं नव्हतं. ती हिशेबात धरत होती. तिच्या पोराला रोज फुकट मिळणारी एक गोष्ट तिनं सालात लावली, इतकंच.

आपल्या बोलण्यात एक शब्द आहे. म्हातारी माणसं म्हणतात, "सांगून ठेवतो बरं." नुसतं सांगतो म्हणत नाहीत. सांगून ठेवतो. ठेवलेली वस्तू ही ठेव असते, आणि ठेव कोणाची होत नाही. ती ज्याच्याकडे ठेवली त्यानं सांभाळायची असते, वेळ आली की परत करायची असते, ज्यानं ठेवली त्याला, आणि तो नसेल तर त्याच्या पोराबाळांना. सातबाऱ्यावर तिची नोंद होत नाही, 'क' प्रतीवर तिची हद्द दाखवता येत नाही. म्हणून तर ती बुडवणं सोपं असतं. कोणी मागायला येत नाही.

नवे भूमापक कधी घरी येतात, अनुभवाचं काही सांगा म्हणतात. मी त्यांना गवत कापणाऱ्या बाईची गोष्ट सांगतो. ते वहीत लिहून घेतात. मग मी आणखी एक सांगतो: दगड सापडला की पंचनाम्यात, कोणी दाखवला त्या जागी, त्या बाईचं नाव लिहा. अंगठा घेतला तरी चालेल. पण नाव लिहा.